न चोरलेलं बी

रविवारी रंगारी आला. त्याने पडवीची भिंत खरवडली, खाली पडलेलं झाडून पोत्यात भरलं आणि भिंतीला चुना लावला. दुपारी कचऱ्याची गाडी आली. ते पोतं मी गाडीत टाकलं.

भिंत माझी नव्हती. मुर्ध्याला ज्या घरात मी सात वर्षं भाड्याने राहिलो, त्या घरमालकांची होती. भाईंदर पूर्वेला मी एक लहान फ्लॅट घेतला होता आणि खोली सोडताना ती रंगवून परत द्यावी एवढं सौजन्य माझ्यात होतं. खोलीचं काम अकरालाच आटोपलं. रंगाऱ्याकडे चुना उरला होता, दिवस उरला होता, आणि या घरासाठी जाताना काहीतरी करावं असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मालक घरी नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आठ दिवस मातीत हात घालायचा नाही असं बजावलं होतं. वाडी डोळ्यांसमोर असताना त्यांचे हात आवरणं कुणालाच जमलं नसतं, म्हणून त्यांना चेण्याला लेकीकडे ठेवलं होतं. त्या रविवारी मुलगा आणि सून त्यांना आणायला गेले होते. घराची चावी माझ्याकडे होती.

रंगाऱ्याने पडवीतल्या भिंतीवर नख घासून पाहिलं. "साब, इसपे तो राख-गोबर चिपका है. निकाल दूँ?"

"हाँ, सब निकालो," मी म्हणालो. "अच्छे से साफ करो."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात म्हटलं असेल, सांगता येत नाही.

मालकांना वय विचारलं की ते म्हणत, "मिठागरं जोरात चालू होती तवाचा मी." घराच्या मागे त्यांची वाडी, म्हणजे चार-पाच गुंठ्यांचा भाजीपाल्याचा तुकडा. वाडीच्या टोकाला खाडीचा बांध आणि बांधापलीकडे बंद पडलेली मिठागरं. मीठ पिकत होतं तोवर बांधाची डागडुजी व्हायची. मग मीठ थांबलं, बांधाकडे बघणारं कुणी उरलं नाही, आणि श्रावणातल्या उधाणाला खारं पाणी वाडीच्या त्या कोपऱ्यात शिरायला लागलं. तिथली भेंडी गेली, वांगी गेली, वाल गेला. दुसऱ्या बाजूला एकेक इमारत उभी राहत होती. मालक दोन्हीकडे सारख्याच नजरेने पाहत. "इकरून खारी येते, तिकरून शिमिट येते," ते म्हणत. "मधी आमी हाव."

अंगात खाकी हाफ पँट आणि बनियन, डोक्याला टॉवेल. छत्री उन्हाळ्यात वापरत, पावसाळ्यात नाही. पाऊस किती पडला हे ते बनियनवरून ठरवत. भर पावसात वाडीच्या मधोमध जाऊन उभे राहत आणि थोड्या वेळाने पडवीत येऊन निकाल सांगत. बनियन पाठीला चिकटली तर पेरायचं. नुसती ओली झाली तर "फसवतोय." शेजारी हसायचे. मी मोबाईलवर हवामानाचा अंदाज वाचून दाखवायचो, तेव्हा ते अगदी मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमचा मानूस भिजला होता का?"

पेरणी ते तीनदा करत. मी राहायला आलो त्या पहिल्या जूनमध्ये मला वाटलं, म्हातारपणी विसरतात आणि पुन्हा पेरतात. विचारलं तर म्हणाले, "पैली मूठ बापाच्या पावसाला. तो मिरगाला यायचा, ठरल्यावानी. दुसरी माज्या पावसाला, तो पंधरा दिस उशिरा येतो. तिसरी नातवाच्या पावसाला."

"तो कधी येतो?"

"ते नातवाला ठाव असंल. मना न्हाय."

बी धरण्याचीही त्यांची रीत होती. सगळ्यात टपोरं फळ बियाण्याला ठेवायचं, असं मी पुस्तकात वाचलेलं. ते बरोबर उलट करत. ज्या वेलीची पानं करपली, जिला खाऱ्या पाण्याचा फटका बसला आणि तरीही जिने दोन-तीन फळं धरली, त्या वेलीवरच्या फळाला ते जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. चिंधी बांधलेल्या फळाला मग घरात कुणी हात लावायचा नाही. "सुखात पोसलेल्याचं बी घ्याचं न्हाय," ते म्हणत. "त्याला काय ठाव नसतं."

कोवळ्या फळाकडे बोट दाखवलेलं त्यांना चालत नसे. बोट दाखवलं की फळ कुजतं. दाखवायचं तर मूठ वळून. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, तिथले प्राचार्य एकदा माझ्याकडे आले होते. वाडी पाहून खूश झाले आणि "वा, ही काकडी तर..." म्हणत त्यांनी हात लांब केला. मालकांनी तो हात वरच्यावर पकडला आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. प्राचार्य त्यानंतर सगळी वाडी मुठीने दाखवत फिरले. परत जाताना मला हळूच म्हणाले, "तुमचे मालक जरा..." आणि तेही मुठीनेच.

बियांच्या बाटल्या पडवीतल्या फळीवर असत. खोकल्याच्या औषधाच्या, टॉनिकच्या, चाळीसेक तरी. एकीवरही नाव नाही. ते बाटली कानाशी नेऊन हलवायचे आणि सांगायचे, "शिराली." दुसरी हलवायचे, "भेंडी. परवाच्या वर्साची." मला हे पाहवत नसे. माझं आयुष्य पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात गेलेलं. एका सुट्टीच्या दिवशी ते बाहेर गेले असताना मी सुनेला विचारून सगळ्या बाटल्यांना सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. संध्याकाळी त्यांनी त्या पाहिल्या आणि पुढचे दोन दिवस बाटल्या पाण्यात भिजवून चिठ्ठ्या काढत बसले. मी ओशाळून म्हणालो, "काका, सोय म्हणून लावल्या होत्या."

"नाव वाचलं का कान जातो, मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांत काम करणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

त्या चाळीस बाटल्यांत काकडीची बाटली नव्हती. चिठ्ठ्या लावताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ग्रंथालयात एक पुस्तक जागेवर नसलं तर मला झोप लागत नाही. पण ते लक्षात आलं नाही, कारण त्या घरातलं सगळं बी आपण पाहिलं, मोजलं, लिहिलं, असं मला वाटत होतं.

त्यांच्या काकडीला नाव नव्हतं. "आपली" म्हणत. शिराली, दुधी, पडवळ आणि आपली. आखूड, जाडसर, पिकली की विटकरी रंगाची आणि अंगावर जाळी. वाडीच्या खाऱ्या कोपऱ्यात दुसरं काही जगत नसताना ती एकटी जगायची. उधाणाचं पाणी मुळाशी उभं राहायचं, पानांच्या कडा जळायच्या, आणि पाणी ओसरलं की आठवड्याभरात शेंड्याला नवी पालवी. पहिली काकडी गौरीपुढे जायची, दुसरीला चिंधी, तिसरीपासून घरात. ती मी मीठ न लावता खाल्लेली आहे. मीठ लागत नसे.

मालक बी कुणाला देत नसत. गावात त्यांची ख्याती तीच होती. कुणी मागायला आलं की ते तोंडावर सांगायचे, "न्हाय भेटनार." आणि मग वाडीचं फाटक उघडं टाकून आत झोपायला जायचे. त्यांचा पक्का विश्वास होता की मागून घेतलेलं बी रुजत नाही, विकत घेतलेलं एकदाच रुजतं, आणि चोरलेलं पिढ्यान्‌पिढ्या येतं. असं मानणारे गावात आणखीही होते, पण ते आपले म्हणण्यापुरते. मालक ते पाळायचे.

उत्तनची एक मावशी दर गुरुवारी सुके बोंबील विकायला यायची. गळ्यात क्रूस, डोक्यावर टोपली, आणि जीभ दोन्हीहून जड. ती फाटकातून दिसली की मालक ओरडायचे, "सूनबाय, चोर आली, भांडी आत घे!"

"तुजी भांडी कोन नेते रं म्हाताऱ्या, पोचे परलेली," ती टोपली उतरवत म्हणायची. "आज काय झाकून ठेवलंय?"

"काय बी न्हाय. मी चाललो तोंड धुवाला. अर्धा तास लागंल."

"अर्धा तास? तोंड हाय का तलाव?"

तो अर्धा तास ती वाडीत मनसोक्त हिंडायची. जाताना कमरेला खोचलेल्या पुड्या लपवण्याचं नाटक करायची, आणि मालक ते न पाहण्याचं. दोघांची वर्षानुवर्षांची ही रीत होती.

माझ्यावर त्यांनी हा प्रयोग पहिल्याच पावसाळ्यात केला. माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर एक कागदाची पुडी. खिडकीसमोर पाठ करून मालक उभे, खाडीकडे बघत, मोठ्याने कसलं तरी गाणं म्हणत. मी पुडी उचलली, बाहेर गेलो आणि त्यांच्या हातात दिली. "काका, तुमची पुडी राहिली."

त्यांनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "राह्यली व्हय," म्हणाले आणि खिशात टाकली.

चार दिवसांनी पुन्हा पुडी. पुन्हा मी नेऊन दिली. तिसऱ्या वर्षी सुनेने मला हसत हसत सांगितलं, "अहो भाऊ, ते तुमच्यासाठी ठेवतात. तुम्ही चोरायची असते. बाबांना वाटतं, भाऊंनी पण कायतरी लावावं."

कळल्यावर मी घेतली असती तर ही गोष्टच लिहावी लागली नसती. पण कळल्यावरही मला ते जमलं नाही. पुस्तकाच्या मागे परतीची तारीख मारणारा माणूस मी. न विचारता दुसऱ्याची वस्तू खिशात टाकायची, नाटकात का होईना, ही कल्पनाच मला अवघड वाटे. मी त्यांना सरळ म्हणालो, "काका, मला हवंच असेल तर मी मागून घेईन ना."

"मागलं तर मी देनार न्हाय."

"मग राहू दे."

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हाऊं द्या."

खरं सांगायचं तर मला माझ्या प्रामाणिकपणाचं थोडं कौतुकही होतं. सात वर्षांत त्या कट्ट्यावर पंधरा-वीस पुड्या तरी आल्या असतील. प्रत्येक पुडी मी परत दिली. त्यातल्या काही पुड्यांत काकडीचं बी होतं, हे मला पुढे कळलं.

एकदा त्यांनी मला उदाहरण घालून दिलं. माझ्या खिडकीत मगमध्ये पुदिना होता, बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार काड्या रोवलेल्या. महिन्याभराने त्यांनी मला वाडीत नेऊन मूठ वळून एक हिरवागार वाफा दाखवला. "वलखा."

"पुदिना आहे."

"तुमचा हाय. चोरला."

"काका, मागितला असता तर दिला असता की."

"मंग मेला असता," ते म्हणाले, आणि इतक्या आनंदाने हसले की मलाही हसू आवरेना. माझ्या मगमधला पुदिना तोवर वाळून गेला होता.

रंगाऱ्याच्या आधीचा पावसाळा विचित्र गेला. बापाचा पाऊस वेळेवर आला, रोपं वर आली आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. पहिली मूठ गेली. दुसरी पेरली आणि दोन दिवसांत एवढा पाऊस झाला की वाफे वाहून खाडीला मिळाले. तिसऱ्या मुठीला मालकांनी काकडीचं होतं नव्हतं ते सगळं बी बाहेर काढलं. मागच्या वर्षीचं, त्याच्या मागचं, सगळं. वेली आल्या पाच. भाद्रपदात उधाणानंतर उरल्या दोन. गौरीपुढे त्या वर्षी काकडी गेली नाही. जी दोन फळं धरली त्या दोन्हींना त्यांनी चिंध्या बांधल्या.

काकडीचं बी ते बाटलीत ठेवत नसत. बाटलीत त्याला दमट वास लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आईची रीत होती: बी गरासकट चुलीच्या राखेत आणि थोड्या शेणात कालवायचं, चपटे गोळे करायचे आणि पडवीच्या भिंतीला लावून द्यायचे. सुकले की दगडासारखे. उंदीर तोंड लावत नाही, किडा शिरत नाही. जूनमध्ये ओल्या फडक्याने भिजवून एकेक गोळा सोडवायचा. सात वर्षं मी त्या पडवीत चहा पीत आलो. ते करडे गोळे माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होते. मी त्यांना जुन्या भिंतीची कळा समजत होतो. ते गोळे लावायची वेळ सकाळी अकराची असे आणि मी साडेनऊला कॉलेजात जाई. पण ही सबब झाली. खरं कारण, मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी रिक्षा दाराशी थांबली. मालक काळा चष्मा लावून उतरले. एका हाताने सुनेचा खांदा धरलेला, तरी पाऊल वाडीकडेच ओढ घेत होतं. मी पडवीत उभा होतो. ते आता काय म्हणतील या विचाराने मला आतून बरं वाटत होतं.

पडवीत येऊन ते थांबले. "सूनबाय," ते म्हणाले, "डाक्टरनं डोला लयच साफ केला गं. भित कशी दुधावानी दिसतेय."

सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तेवढ्यावरून मला कळलं की काहीतरी झालंय. काय ते कळलं नाही.

मालक पुढे झाले. भिंतीला हात लावला. तळवा इकडे नेला, तिकडे नेला, अंधारात बटण शोधावं तसा. चुना हाताला लागत होता. मग त्यांनी चष्मा काढला. सून म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी नको सांगितलंय." त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही डोळ्यांनी भिंत नीट पाहिली.

"खाली परलेलं कुटं हाय?"

"काका, मी खोलीबरोबर चुना दिला," मी म्हणालो. "घाण होती ती..."

"हा. ती कुटं हाय?"

"गाडीत टाकली. दुपारी."

ते खाली पायरीवर बसले. सुनेने मला बाजूला नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. मी परत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. तेच आधी बोलले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सात वर्सं पुड्या ठेवल्या मास्तर. एक जरी खिशात टाकली असती."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून उत्तनच्या डोंगरावर गेलो, जिथे शहराचा कचरा जातो. फाटकावरच्या माणसाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "राखेचे गोळे?" तो म्हणाला. "भाऊ, वर बघा एकदा." मी वर पाहिलं आणि परत फिरलो.

तिथून खाली उतरून मी मावशीचं घर शोधून काढलं. ती दारात बोंबील उलटवत होती. काय झालं ते सांगितलं तेव्हा तिने कपाळावर क्रूस केला. "तुजं हात मोरले असतं तर बरं झालं असतं रं," ती म्हणाली, आणि लगेच, "बस. पानी पी." तिने काकडी चोरली होती. तीन वर्षांपूर्वी. दरवर्षी लावत होती. मला एवढा आनंद झाला की मी तिचे हात धरले.

"थांब, नाचू नको," ती म्हणाली. "माजे पोरानं बाजूला बाजारची पन लावलेली. एके मांडवावर. आता कंची कोनाची, देवाला ठाव." तिने काड्यापेटीत घालून बी दिलं. "त्याला सांगू नको मी दिलं. सांग चोरलं."

मग मी गावोगाव चोर शोधत फिरलो. मुर्धा, राई, चेण्याला त्यांच्या लेकीच्या शेजारीपाजारी. हे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. परक्या माणसाने दारात येऊन "तुम्ही अमक्यांच्या वाडीतून काकडीचं बी चोरलं होतं का?" असं विचारणं कुणाला आवडेल? राईला एका बाईने मला हाकललंच. "आमी चोर हाव का? आमचे घरी काय काकऱ्या न्हाय?" तिच्या मागच्या मांडवावर मला खरोखर एक वेल दिसत होता, पण तो दुधीचा निघाला. एका म्हाताऱ्याने कबूल केलं, पण त्याच्या जागेवर आता इमारत होती. मालकांना मी बरोबर चला म्हटलं तर ते आले नाहीत. "इचारलं म्हंजे मागल्यावानी झालं," म्हणाले. आपल्याच बियांच्या बाबतीतही त्यांनी नियम मोडला नाही.

मावशीचं बी जूनमध्ये लावलं. मी तोवर भाईंदर पूर्वेला राहायला गेलो होतो, पण दर रविवारी मुर्ध्याला जात असे. बी चोरून आणल्याचं मी सांगितलं. माझं खोटं त्यांना लगेच कळलं असावं. मला खोटं बोलायची सवय नव्हती. वेली जोमाने आल्या. काकड्या लांब आणि हिरव्या धरल्या. मालकांनी एक तोडली, चाकूने चकती केली, खाल्ली आणि उरलेली माझ्या हातात दिली.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "चांगली हाय. पावनी हाय. आपली न्हाय."

श्रावणात उधाण आलं. तीन दिवस पाणी कोपऱ्यात उभं होतं. ओसरल्यावर वेली पिवळ्या पडल्या, आणि मालक रोज सकाळी जाऊन शेंडे बघायचे. नवी पालवी फुटली नाही. आठव्या दिवशी त्यांनी वेली उपटल्या आणि बांधावर टाकल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी मी एका दुकानातून काकडीच्या बियांची तीन पाकिटं आणली. आत बी गुलाबी रंगाने माखलेलं. त्यांनी ते धुऊन पाहिलं, रंग जाईना. पाकिटावर काय लिहिलंय ते मला वाचायला सांगितलं. मी वाचलं: या पिकाचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नये.

"म्हंजे येका वर्सासाठीच येते ही?"

"हो."

"भारोत्री हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे, त्यांच्या जुन्या भाडेकरूकडे, बघून थोडं हसले. "तुमाला न्हाय बोललो."

एका रविवारी ते आत झोपलेले असताना मी त्यांच्या वेलीवरच्या चवळीच्या सुक्या शेंगा खिशात टाकल्या. आयुष्यातली पहिली चोरी. माझ्या गॅलरीतल्या डब्यात ती चवळी रुजली, शेंगाही आल्या, आणि मी मुलासारखा धावत त्यांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. "चवली व्हय," म्हणाले. "चवली काय, बाजारात भेटते." हे त्यांनी मला दुखवायला म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं.

माझ्याशी ते अखेरपर्यंत पूर्वीसारखेच वागले. चहा सांगायचे, कॉलेजातलं विचारायचे, प्राचार्य आता बोट दाखवतात का मूठ, ते विचारायचे. माझ्या खोलीत नंतर एक जोडपं राहायला आलं. सुनेला मी एकदा विचारलं, त्यांच्या खिडकीत पुड्या ठेवतात का. ती म्हणाली, "नाही भाऊ. त्या रविवारनंतर बाबांनी कुणाच्याच ठेवल्या नाहीत." गुरुवारी मावशी यायची तेव्हा ते तोंड धुवायला जात नसत. पडवीत बसून राहायचे. ती वाडीत जायची, लगेच परत यायची. समोर मालक बसलेले असताना तिलाही हात घालवत नसे.

गेल्या माघात ते गेले. आदल्या दिवशी जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती, टोपली तिच्या बाजूला तशीच भरलेली. मला पाहून तिने जागा करून दिली. मी तिच्या शेजारी बसलो.

वाडीचा खाऱ्या बाजूचा कोपरा मुलाने भरणी करून घेतला आहे, तिथे त्याचा टेम्पो उभा असतो. उरलेल्या जागेत सून भेंडी, शिराळी आणि चवळी लावते. तीनदा पेरते, बी धरते. बाटल्यांवर नावं नाहीत, पण तिला आवाजावरून ओळखता येत नाही, म्हणून ती झाकण उघडून बघते. काकडी त्या घरी आता बाजारातून येते.